पास इंटरफिअरन्स, होल्डिंग, रफिंग: पिवळं फडकं नक्की कशावर पडतं?

तिसरा_डाऊन

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) पंचगिरीवर दर मोसमात तेच रडगाणं होतं, आणि त्यात दोन वेगळ्या तक्रारींची भेळ होते. त्या वेगळ्या कराव्यात म्हणून हा धागा.

सुपर बोल ५७, म्हणजे लीगचा अंतिम सामना, घ्या. १२ फेब्रुवारी २०२३, चीफ्स ३५, ईगल्स ३५. घड्याळात १:५४. चीफ्सचा तिसरा डाऊन (१० यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), अजून ८ यार्ड काढायचे होते, चेंडू ईगल्सच्या १५ यार्डावर. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) महोम्सचा पास रिसीव्हर (पास झेलणारा) जुजू स्मिथ-शूस्टरच्या आवाक्याबाहेर पडला. फील्ड गोलची (खांबांमधून किक मारून गुण घेण्याची) वेळ आली म्हणेपर्यंत पिवळं फडकं (पंचाची फाऊलची खूण) पडलं: ईगल्सचा जेम्स ब्रॅडबेरी, होल्डिंग. आयता पहिला डाऊन. म्हणजे चार प्रयत्न पुन्हा नव्यानं. मग चीफ्सचा मॅकिनन गोल लाईन ओलांडायची सोडून २ यार्डावर मुद्दाम बसला, चीफ्सनी घड्याळ संपवत आणलं आणि बटकरनं ८ सेकंद उरले असताना किक मारली. ३८-३५. भारतात सोमवारी पहाटे पाचचा गजर लावून उठलेल्यांना शेवट म्हणून वेळ काढायला गुडघा टेकवणारा क्वार्टरबॅक बघायला मिळाला.

सामन्यानंतर ब्रॅडबेरीनंच सांगितलं की जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील अशी आशा होती. म्हणजे फाऊल झाला की नाही हा वादच नाही. वाद असा, की संध्याकाळभर तेवढी ओढाओढ चालवून घेतली आणि १:५४ ला पट्टी बदलली. पहिली तक्रार ‘पंचाला दिसलं नाही’ ही, आणि दुसरी ‘दिसलं, पण किती म्हणजे फार हे आज वेगळं ठरवलं’ ही. पहिलीवर कॅमेरा हा उपाय आहे. दुसरीवर आहे का? मला वाटतं नाही. ठोका.

शंकासूर

आधी एक प्राथमिक शंका. ब्रॅडबेरीला होल्डिंग का? पास फेकला होता ना, मग पास इंटरफिअरन्स (पास झेलणाऱ्याला अडवणं) का नाही?

कोथरूडकर_न्यूजर्सी

कारण ओढलं तेव्हा चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातात होता. सगळा हिशेब चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणावर आहे.

सुटण्याआधी: खेळी सुरू होते त्या रेषेपासून ५ यार्डांपर्यंत बचावपटू रिसीव्हरला समोरून अडवू शकतो, धक्के देऊ शकतो. ५ यार्डांपुढे क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे उभा असेपर्यंत रिसीव्हरला अडवलं तर इलिगल कॉन्टॅक्ट. जर्सी किंवा हात पकडला तर डिफेन्सिव्ह होल्डिंग. दोन्हींना ५ यार्ड आणि आयता पहिला डाऊन. ऐकायला ५ यार्ड किरकोळ वाटतात, पण तिसऱ्या डाऊनला खरी किंमत त्या ‘आयता’ शब्दाची असते.

सुटल्यापासून चेंडूला कुणाचा तरी हात लागेपर्यंत: पास इंटरफिअरन्स. इथे शिक्षा ठरावीक यार्डांची नाही, फाऊल झाला तिथे चेंडू ठेवतात. ४५ यार्डांवर झाला तर ४५. एंड झोनमध्ये (गोल लाईनपलीकडे) झाला तर १ यार्डावर. आक्रमक खेळाडूनं केला तर मात्र फक्त १० यार्ड मागे. कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाच्या इंटरफिअरन्सला जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये कमाल मर्यादाच नाही, म्हणून एका पंचाच्या एका मतावर अर्धं मैदान सरकतं.

पिवळं_फडकं

+१. नियमपुस्तकात इंटरफिअरन्सची व्याख्या आहे ती झेल घेण्याची संधी ‘लक्षणीयरीत्या’ अडवणं अशी. तो एक शब्द सगळ्या भांडणांचं मूळ.

पुढे उदाहरणं दिली आहेत, ती चांगली ठोस आहेत: चेंडूकडे न बघता शरीरानं अडवणं, पाठीतून घुसणं, हात धरणं, रिसीव्हरच्या अंगावर आडवा हात टाकणं, कंबरेला हात अडकवून चेंडू यायच्या आत त्याला फिरवणं, चेंडूकडे लक्ष नसताना वाट अडवणं. आणि दोघंही चेंडूकडे बघत असताना पायात पाय अडकले तर फाऊल नाही. चेंडू झेलण्यासारखा नव्हताच, तरी नाही.

म्हणून मैदानावरचा पंच रिसीव्हरपेक्षा बचावपटूच्या डोक्याकडे बघतो. डोकं चेंडूकडे वळलंय का? वळलं असेल तर त्याला झुकतं माप. पाठमोराच येऊन आदळला तर शंभरातल्या नव्वद वेळा फडकं पडणार.

गिरगाव_ब्लिट्झ

आणि उरलेल्या दहातलं एक न्यू ऑर्लिन्सला पडलं नाही!

मिनेसोटाताई

होच. २० जानेवारी २०१९, एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामना, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. २०-२०, पावणेदोन मिनिटं बाकी, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सचा तिसरा डाऊन आणि १० यार्ड, चेंडू रॅम्सच्या १३ वर. सेंट्सचा क्वार्टरबॅक ब्रीझनं उजव्या कडेला टॉमीली लुईसकडे पास टाकला. रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन उशिरा धावत आला, एकदाही मान वळवली नाही, आणि चेंडू पोचायच्या आधी लुईसला उडवलं. वर हेल्मेटला हेल्मेट. एकाच धडकेत दोन फाऊल, फडकं शून्य.

पहिला डाऊन मिळाला असता तर सेंट्सनी घड्याळ जवळजवळ संपवून किक मारली असती. त्याऐवजी लगेच किक, २३-२०, आणि रॅम्सकडे दीड मिनिटाहून जास्त. त्यांच्या झुअरलाइननं १५ सेकंद असताना ४८ यार्डांवरून बरोबरी केली आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून सामना काढला. लीगच्या कार्यालयानं चूक झाल्याचं फोनवर मान्य केल्याचं सेंट्सचा कोच शॉन पेटननं सामन्यानंतर सांगितलं. हेल्मेटच्या धडकेसाठी रोबी-कोलमनला पुढे २६,७३९ डॉलर दंड झाला, म्हणजे फाऊल होता हे पावतीवर लिहून मिळालं.

रेफरी, म्हणजे मुख्य पंच, बिल विनोविच पत्रकारांच्या प्रतिनिधीला म्हणाले की तो त्या जागेच्या पंचाचा निर्णय होता, मी स्वतः ते पाहिलेलं नाही. लोक त्यावर खवळले, पण ते खरंच असणार. रेफरीची नजर क्वार्टरबॅकवर असते, चेंडू सुटल्यावरसुद्धा, कारण रफिंगचा (क्वार्टरबॅकवर नियमाबाहेर आदळण्याचा) निकाल त्याला द्यायचा असतो. सात जणांत काम वाटलेलं आहे: रेफरी आणि अंपायर मागच्या बाजूला, डाऊन जज आणि लाईन जज रेषेच्या दोन टोकांना, आणि साइड जज, फील्ड जज, बॅक जज खोलवर. कडेला पडणारा पास दोघांच्या नजरेत येतो, फार तर तिघांच्या.

विदर्भ_एक्सप्रेस

मग त्यावरून नियम बदलला ना. कॅमेऱ्यानं इंटरफिअरन्स तपासायचा.

तिसरा_डाऊन

बदलला आणि वर्षात गुंडाळला, माझा मुद्दा तोच आहे.

मार्च २०१९ मध्ये मालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी तो मंजूर केला (एकटे बेंगल्स विरोधात). नियम बदलायला ३२ पैकी २४ मतं पुरतात, इथे ३१ पडली. एका मोसमापुरती परवानगी: इंटरफिअरन्स दिला असो वा नसो, दोन्ही तपासता येईल. कोच आव्हान देणार, शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत वरच्या बूथमधून (जिथे रीप्ले बघतात) तपासणी होणार. निकषाचे शब्द ‘स्पष्ट आणि उघड पुरावा’.

आता हे दोन निकष एकमेकांवर ठेवून बघा. मैदानावर प्रश्न: लक्षणीय अडथळा होता का? न्यूयॉर्कमधल्या लीगच्या रीप्ले-खोलीत प्रश्न: लक्षणीय अडथळा होता हे स्पष्ट आणि उघड आहे का? एका ‘किती’वर दुसरा ‘किती’ चढवला. परिणाम काय झाला? १७ नोव्हेंबर २०१९ ला रेव्हन्सविरुद्ध एंड झोनकडे धावणाऱ्या डिआंद्रे हॉपकिन्सला मार्लन हम्फ्रीनं चेंडू यायच्या आत विळखा घातला. फडकं नाही. टेक्सन्सच्या कोचनं आव्हान दिलं. निर्णय कायम. तोपर्यंत कोच लोकांना कळून चुकलं होतं की आव्हानाचं लाल फडकं टाकणं म्हणजे टाइम-आऊट फुकट घालवणं.

आणि मोसमाचा शेवट बघा. ५ जानेवारी २०२०, पुन्हा सुपरडोम, पुन्हा सेंट्स, जादा वेळ. व्हायकिंग्सच्या काइल रुडॉल्फनं पी. जे. विल्यम्सला हातानं रेटलं आणि ४ यार्डांचा टचडाऊन झेलला. २६-२०. बूथनं पाहिलं, संपर्क होता पण पुरेसा नाही, सामना संपला. ज्यांच्यासाठी नियम आणला त्यांनाच त्याच नियमानं घरी बसवलं. २०२० मध्ये तो पुढे चालू ठेवा म्हणायलाही कुणी उभं राहिलं नाही.

गिरगाव_ब्लिट्झ

राबवलाच वाईट. नियमाचा दोष नाही, राबवणाऱ्यांचा. कॅनडाच्या लीगनं हे २०१४ पासूनच केलं होतं की.

कोथरूडकर_न्यूजर्सी

केलं, आणि कॅनडात उलट्या बाजूनं फसलं. तिथे कोच जाळं टाकायला लागले. पास अपुरा राहिला की लाल फडकं टाकायचं आणि पडद्यावर कुठेतरी, कुणाचा तरी, कसला तरी स्पर्श सापडतो का बघायचं. फुटबॉलच्या कुठल्याही पासमध्ये शोधला की स्पर्श सापडतोच. खेळ सारखा थांबायला लागला म्हणून २०१७ च्या मोसमात मधेच आव्हानं सामन्याला एकवर आणली.

म्हणजे निकष सैल ठेवला तर कॅनडा होतो, घट्ट केला तर एनएफएल २०१९. मधली जागा कागदावर लिहून दाखवा, लगेच सही करतो.

विदर्भ_एक्सप्रेस

क्रिकेटमध्ये डीआरएस चालतंच की राव. अंपायर्स कॉलसकट.

पिवळं_फडकं

एलबीडब्ल्यूत शेवटी एक माप आहे: चेंडू कुठे टप्पा पडला, कुठे लागला, यष्टीवर किती आदळला असता. अंपायर्स कॉल म्हणजे त्या मापाच्या चुकीला ठेवलेली जागा. इंटरफिअरन्सला मापच नाही.

खरी तुलना करायची तर आयपीएलशी करा. २०२३ पासून वाइड आणि उंचीचे नो-बॉल तपासायला देता येतात. कंबरेच्या उंचीवरून इतकी भांडणं झाली की २०२४ मध्ये फलंदाजांच्या कंबरेची उंची आधीच मोजून ठेवली आणि चेंडूचा मार्ग त्याच्याशी ताडायला लागले. म्हणजे मताचं माप केलं. जिथे असं करता येतं तिथे जरूर करा. एनएफएलनंही २०२५ पासून पहिल्या डाऊनचे १० यार्ड मोजायची साखळी बाजूला ठेवून कॅमेऱ्यानं मोजायला घेतलंच. पण मजा अशी की चेंडू कुठे ठेवायचा हे अजून धावत आलेला पंच पायानं दाखवतो. मोजणी सेंटिमीटरची, आरंभबिंदू अंदाजाचा. जानेवारी २०२५ मध्ये बिल्सच्या क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या चौथ्या डाऊनच्या घुसण्यावरून बिल्सवाले जे पेटले ते याच कारणानं. ढिगाऱ्याखाली चेंडू कुठवर गेला हे दोन बाजूंच्या दोन पंचांनी वेगवेगळं बघितलं होतं.

बिल्स_बाधित

त्या विषयाला हात लावू नका 🙏

शंकासूर

होल्डिंग तरी सोपं असेल ना? आक्रमक लाईनवाल्यानं पकडलं की पकडलं.

मिनेसोटाताई

अजिबात नाही. टीव्हीसमोर सगळ्यात जास्त ओरडा ज्यावर होतो, त्यातला निम्मा चुकीचा असतो.

लाईनमधला खेळाडू समोरच्याला छातीच्या चौकटीत, म्हणजे खांद्यांच्या आत, हातानं धरून ठेवू शकतो. फाऊल कधी? समोरचा सुटायला लागला आणि यानं हात न सोडता त्याला ओढलं, वळवलं, पाडलं किंवा त्याची दिशा बदलू दिली नाही, तर. नुसती मूठ दिसली म्हणून फाऊल नाही.

आता सगळ्यांना फसवणारी गोष्ट. पास रशर (क्वार्टरबॅककडे घुसणारा बचावपटू) एक ‘रिप’ नावाची चाल करतो: आतला हात खालून वर, समोरच्याच्या काखेतून उपसल्यासारखा काढायचा आणि खांदा खाली घालून वळायचं. तसं केल्यावर ब्लॉकरचा हात आपोआप त्याच्या मानेभोवती येतो. टीव्हीवर चक्क गळा धरल्यासारखं दिसतं. पण नियमात त्याला स्पष्ट सूट आहे: ती स्थिती रशरनं स्वतः तयार केली, म्हणून होल्डिंग नाही. अपवाद एकच, ब्लॉकरनं त्याचे पाय जमिनीवरून उचलून त्याला खेचलं तर. तेव्हा पुढच्या वेळी हात मानेभोवती दिसला तर आधी रशरचा हात काखेखाली आहे का बघा, मग रिमोट फेका.

यातही पट्टी हलतेच. २०१९ मोसमाच्या सुरुवातीला होल्डिंगवर विशेष लक्ष द्यायचं ठरलं, पहिल्या दोन आठवड्यांत फडक्यांचा पाऊस पडला, टॉम ब्रेडीनं गुरुवारचा सामना बघवत नाही म्हणून ट्विट केलं आणि मग पंचांना आवरतं घ्यायला सांगितलं. नियमाचा एक शब्द न बदलता सप्टेंबरमधला फाऊल ऑक्टोबरमध्ये फाऊल राहिला नाही.

गिरगाव_ब्लिट्झ

रफिंग द पासरवर कुणी बोलत नाहीये. खरं पाप तिथे आहे. १५ यार्ड आणि आयता पहिला डाऊन, तेही क्वार्टरबॅकला फुंकर मारल्याबद्दल.

तिसरा_डाऊन

ऑक्टोबर २०१७ मध्ये अँथनी बारच्या टॅकलखाली क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या गळपट्टीचं हाड मोडलं. २०१८ पासून ‘सगळं किंवा बहुतांश वजन’ क्वार्टरबॅकवर टाकून पडायचं नाही यावर भर आला. दुसऱ्याच आठवड्यात पॅकर्सच्या क्ले मॅथ्यूजनं क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला साधं खांद्यानं पाडलं, फडकं पडलं, इंटरसेप्शन (बचावानं झेललेला पास) रद्द आणि सामना २९-२९ बरोबरीत. त्याच महिन्यात डॉल्फिन्सच्या विल्यम हेजनं क्वार्टरबॅक डेरेक कारवर वजन पडू नये म्हणून पडता पडता अंग वळवलं आणि स्वतःच्या गुडघ्याचा लिगामेंट तोडून घेतला.

मग २०२२. ९ ऑक्टोबरला ग्रेडी जॅरेटनं ब्रेडीला पाडलं, फडकं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी रात्री, क्रिस जोन्सनं कारच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि तो चेंडू हातात असतानाच त्याच्यावर पडला. तरी फडकं. रेफरीचं म्हणणं, क्वार्टरबॅक पास करायच्या पवित्र्यात होता म्हणून त्याला पूर्ण संरक्षण. सव्वाशे किलोंहून जास्त वजनाच्या माणसानं पूर्ण वेगात असताना एका हातात चेंडू धरून दुसऱ्या हातावर आपलं वजन पेलायचं. भौतिकशास्त्राचा पेपर आहे का हा?

कोथरूडकर_न्यूजर्सी

रफिंगमध्येच तर सुधारणेला वाव आहे, कारण त्याचे तुकडे पडतात. डोक्याला किंवा मानेला जोरात लागलं का? कॅमेऱ्यात दिसतं. गुडघ्यावर किंवा त्याखाली मारलं का? दिसतं. चेंडू सुटल्यावर एकाहून जास्त पावलं टाकून आदळला का? मोजता येतं. वजन किती पडलं? हे एकच मताचं आहे. पहिले तीन तपासायला द्या, चौथं सोडा. २०२३ मध्ये रॅम्सनी रफिंग तपासणीखाली आणायचा प्रस्ताव ठेवला होता, तो पडला.

२०२५ मध्ये लीग थोडी त्या वाटेनं गेली आहे. फेसमास्क (हेल्मेटची जाळी) पकडणं, हॉर्स कॉलर (मागून कॉलर ओढणं), ट्रिपिंग (पाय अडकवून पाडणं), असहाय स्थितीतल्या खेळाडूवरची धडक: यांत फडकं पडलं आणि कॅमेऱ्यात उघड दिसलं की तसं काही घडलंच नाही, तर बूथ फडकं उचलायला लावू शकतं. पण न पडलेलं फडकं टाकायचा अधिकार त्याला नाही. मला हे बरोबर वाटतं. ‘बोट जाळीत अडकलं का’ याला हो किंवा नाही असं उत्तर आहे.

विदर्भ_एक्सप्रेस

एवढा काथ्याकूट कशाला? लीगला चीफ्स जिंकायला हवेत, विषय संपला. जानेवारी २०२५ चा टेक्सन्सविरुद्धचा सामना आठवा. महोम्स घसरत खाली बसताना त्याला मिळालेलं फडकं बघून समालोचन करणारा ट्रॉय एकमनसुद्धा वैतागला होता.

पिवळं_फडकं

एकमन वैतागला ते योग्यच होतं, ते फडकं लाजिरवाणं होतं. पण त्यासाठी कट कशाला हवा? बाद फेरीत ज्यांचे गुण चांगले ते पंच निवडून नवा ताफा बनवतात. म्हणजे मोसमभर एकत्र काम केलेले सात जण तिथे एकत्र नसतात. कुणाची पट्टी सैल, कुणाची कडक, आणि ती जुळवून घ्यायला आठवडाभर मिळतो. वर बहुतेकांची दुसरी नोकरी असते. २०१७ मध्ये काहींना पूर्णवेळ घेतलं होतं, २०१९ मध्ये तेही थांबवलं. एवढी कारणं पुरेशी आहेत. कट करायला लागणारी शिस्त या लीगकडे असती तर २०१२ मध्ये बदली पंच आणून सिॲटलमध्ये एकाच झेलावर दोन पंचांनी हातानं दोन वेगळे इशारे केले नसते.

गिरगाव_ब्लिट्झ

मग उपाय सांगा. मी म्हणतो कॉलेजसारखी इंटरफिअरन्सला १५ यार्डांची मर्यादा घाला. पट्टी हलली तरी नुकसान मर्यादित.

मिनेसोटाताई

आणि मग मागे पडलेला प्रत्येक कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) रिसीव्हरला सरळ मिठी मारेल. ५० यार्डांचा टचडाऊन देण्यापेक्षा १५ यार्ड स्वस्त. कॉलेजमध्ये चालतं, कारण तिथले बहुतेक बचावपटू तेवढा थंड डोक्यानं हिशेब करत नाहीत. व्यावसायिक करतील, पहिल्याच रविवारी.

तिसरा_डाऊन

दोन पायऱ्या करा ना. चेंडूकडे बघत असताना झालेला स्पर्श: १५ यार्ड. न बघता मुद्दाम अडवलं, ओढलं, पाडलं: जागेवर चेंडू.

कोथरूडकर_न्यूजर्सी

आणि ‘मुद्दाम’ कोण ठरवणार? 🙂 तुम्हीच म्हणालात, एका ‘किती’वर दुसरा चढवू नये.

तिसरा_डाऊन

मान्य. ‘मुद्दाम’ काढतो. डोकं वळलं होतं की नव्हतं, एवढंच ठेवू. ते तरी दिसतं.

शंकासूर

घरी बसून बघताना इंटरफिअरन्स होता की नाही हे ठरवायची काही रीत आहे का? स्लो मोशनमध्ये मला सगळेच फाऊल वाटतात.

पिवळं_फडकं

तिथेच घोटाळा होतो. स्लो मोशनमध्ये हात टेकलेला वेळ लांबतो आणि प्रत्येक स्पर्श पकड वाटायला लागतो. आधी पूर्ण वेगात दोनदा बघा आणि रिसीव्हरच्या धावण्यात, उडीत किंवा हातांत काही बदललं का तेवढंच विचारा. मग बचावपटूची मान बघा. स्लो मोशन फक्त एका प्रश्नासाठी वापरा: संपर्क चेंडू लागायच्या आधी की नंतर? आणि मागच्या कॅमेऱ्यावरून ठरवू नका, त्यात दोघांमधलं अंतर कळत नाही, सगळे चिकटलेलेच दिसतात. कडेचा कोन मिळेपर्यंत थांबा.

शंकासूर

रुडॉल्फवर करून बघितलं. पूर्ण वेगात काहीच वाटलं नाही, स्लो मोशनमध्ये हात सरळ होताना दिसतो. मग आता मी कुणाच्या बाजूनं?

गिरगाव_ब्लिट्झ

व्हायकिंग्सच्या बसा. सेंट्सच्या बाजूला खूप गर्दी आहे, जागा मिळणार नाही.